रिव्हेट वाचले, पट्टीची भोकं गेली

प्रश्न : जुन्या शेडच्या कैचीत (छत पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यात) १२० मि.मी. रुंद, १० मि.मी. जाड पट्टीचा लॅप जॉइंट, म्हणजे एकावर एक टोकं ठेवून केलेला सांधा होता. एकामागे एक बसवलेले दोन्ही २० मि.मी.चे रिव्हेट तुटले. मग दोन्ही बाजूंनी ८ मि.मी.च्या कव्हर प्लेटी लावून बट जॉइंट, म्हणजे टोकाला टोक भिडवलेला सांधा केला, सांध्याच्या प्रत्येक अंगाला दोन रिव्हेट. आता रिव्हेट शाबूत आहेत, पण पट्टीतली भोकं लांबट झाली. तिसरा रिव्हेट घालू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आधी हिशेब पाहा. भोक भरल्यावर रिव्हेटचा व्यास २१.५ मि.मी. धरतात. आय.एस. ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाच्या १९८४च्या आवृत्तीत यंत्राने ठोकलेल्या रिव्हेटला शिअरसाठी (आडवं कापलं जाण्यासाठी) १०० आणि क्रशिंगसाठी (भोकाच्या कडेवर दाबून चेपलं जाण्यासाठी) ३०० न्यूटन प्रति चौ. मि.मी. एवढा ताण मान्य होता. लॅप जॉइंटमध्ये रिव्हेट एकाच जागी कापला जातो, म्हणून दोघांची मिळून ताकद ७२.६ किलोन्यूटन. कव्हर प्लेटींमुळे तो दोन जागी कापावा लागतो, ताकद १४५ झाली. क्रशिंग मात्र व्यास गुणिले पट्टीची जाडी एवढ्याच क्षेत्रावर होतं. पट्टी तीच, १० मि.मी.ची, म्हणून ते १२९वरच राहिलं. रिव्हेट बळकट झाला, पट्टी नाही.

हे सुरक्षित ताणाचे आकडे आहेत. भोक डोळ्यांना लांबट दिसतं तेव्हा भार त्याच्या बराच वर गेलेला असतो. तेव्हा कैचीवर वजन कुठून वाढलं ते आधी शोधा.

तिसरा रिव्हेट शेजारी अजिबात घालू नका. पट्टीच्या रुंदीत एकाच आडव्या ओळीत दोन भोकं आली की पट्टी फाटण्याची मर्यादा १४८वरून ११५.५ किलोन्यूटनवर येते, म्हणजे आत्ताच्या सांध्यापेक्षाही कमी.

लांबट भोकात त्याच मापाचा नवा रिव्हेट ठोकू नका, तो भोक भरत नाही आणि हलत राहतो. खालून टेकू देऊन भार उतरवा, रिव्हेट काढा, भोक रीमरने (भोक मोठं व गोल करणाऱ्या हत्याराने) २५.५ मि.मी. गोल करा आणि २४ मि.मी.चे रिव्हेट तापवून बसवा. गार होताना ते आखडतात आणि प्लेटी आवळून धरतात. आता क्रशिंग १५३, तर पट्टी फाटण्याची मर्यादा १४२; सांध्याची ताकद १४२ धरा. २५.५ला भोक पूर्ण गोल होत नसेल, तर पट्टीच बदलावी लागेल.

रीमर लावण्यापूर्वी भोकाच्या केंद्रापासून पट्टीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. भोकाच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे ३८ मि.मी. तरी हवं. कमी असेल तर रिव्हेटपुढचा पट्टीचा तुकडाच टोकाकडून फाटून बाहेर येतो. तिथे पट्टीचा तेवढा भाग नवा घाला.

नवे रिव्हेट गार झाल्यावर डोक्याच्या एका बाजूला बोट ठेवून दुसऱ्या बाजूने छोटी हातोडी मारा. बोटाला थरथर जाणवली तर रिव्हेट सैल आहे. पुढे कधी डोक्याभोवती तांबड्या गंजाची रेघ दिसली, तर सांधा हलतोय असं समजा.