पंखा फिरतोय, स्क्रीन काळी: बोर्ड मेलेला नाही, आधी फिट टेबल बघा

नवीन बोर्डाची ऑर्डर दिली असेल तर आजच रद्द करा. तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय त्यानुसार मदरबोर्ड एच११० चिपसेटचा आहे, प्रोसेसर आय५-७४००, आणि कंपनीचा शेवटचा बायोस २०१८ चा. एफपीटीने (बायोसची चिप वाचणारं-लिहिणारं इंटेलचं टूल) बायोसचा भाग वाचून घेतलात, यूईएफआयटूल या बायोस फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ५०६ई३ आणि ९०६ई९ हे दोन्ही मायक्रोकोड, म्हणजे त्या-त्या प्रोसेसरच्या आतल्या कामकाजातल्या दुरुस्त्या, बदललेत आणि एफपीटीनेच परत लिहिलंत. रीस्टार्टनंतर पंखे फिरतात, पण स्क्रीन येत नाही. सर्व्हिस सेंटरने दहा मिनिटांत ‘बोर्ड गेला’ असं सांगून टाकलं. हेच वाक्य मीही ऐकलंय आणि त्यावर विश्वास ठेवून विनाकारण नव्या बोर्डाचे पैसे घातलेत. जुना बोर्ड नंतर फक्त फिट टेबलातला, म्हणजे मायक्रोकोड चिपवर कुठे आहेत ते सांगणाऱ्या यादीतला, एक पत्ता सुधारल्यावर चालू झाला. म्हणून इतकं लांब लिहितोय.

मायक्रोकोड कसा चालतो, सीपीयूआयडी (प्रोसेसरचा ओळख-क्रमांक) कुठे बघायचा, हे तुम्हाला माहीत आहे असं तुमच्या पोस्टवरून दिसतं, ते सोडतो. थेट चुकीकडे येतो.

तुमचा प्रोसेसर केबी लेक पिढीचा आहे, म्हणजे ९०६ई९. ५०६ई३ हा स्कायलेकचा मायक्रोकोड, तुमच्या मशीनला त्याचा काडीचा उपयोग नाही. तरी ‘आता उघडलंच आहे तर दोन्ही करू’ म्हणून तुम्ही तोही सी६ आवृत्तीवरून डी६ केलात. सगळं तिथे बिघडलं. ५०६ई३ च्या सी६ आवृत्तीचा आकार ९९,३२८ बाइट, डी६ चा १,०१,३७६ बाइट. फरक २,०४८ बाइटचा. तुमच्या फाइलमध्ये ५०६ई३ आधी आहे आणि त्याला लागून ९०६ई९. पहिला २,०४८ बाइटने फुगला, त्यामुळे दुसरा तेवढाच पुढे सरकला. यूईएफआयटूल याबद्दल अवाक्षर काढत नाही, कारण त्याच्या दृष्टीने फाइल अगदी व्यवस्थित आहे. चेकसम (बाइटांच्या बेरजेची पडताळणी) बरोबर, व्हॉल्यूम (बायोस फाइलमधला कप्पा) बरोबर, कुठेही लाल रेघ नाही.

पण प्रोसेसर व्हॉल्यूम-बिल्यूम वाचत बसत नाही. रीसेट झाल्यावर बायोसची पहिली सूचना चालण्याच्याही आधी तो ४ जीबीच्या टोकापासून बरोबर ६४ बाइट मागे जातो. तिथे फिट टेबलाचा पत्ता असतो. त्या टेबलात प्रत्येकी १६ बाइटच्या नोंदी असतात आणि प्रकार १ च्या नोंदीत एकेका मायक्रोकोडचा थेट पत्ता लिहिलेला असतो. त्या पत्त्यावर प्रोसेसर हेडर (मायक्रोकोडचा सुरुवातीचा, ओळख सांगणारा भाग) शोधतो, सीपीयूआयडी आणि प्लॅटफॉर्मची खूण जुळवतो, सही तपासतो आणि मगच मायक्रोकोड चढवतो. तुमच्या टेबलात ९०६ई९ चा पत्ता जुनाच राहिला. त्या पत्त्यावर आता ५०६ई३ च्या शेपटीतले कूटबद्ध बाइट आहेत. हेडर सापडत नाही, प्रोसेसर ती नोंद सोडून देतो आणि मायक्रोकोडशिवायच पुढे जातो. त्यानंतर बायोसचा अगदी सुरुवातीचा कोड, जो रॅम चालू व्हायच्या आधी कॅशलाच रॅमसारखं वापरतो, तो या पिढीच्या अनेक बोर्डांवर तिथेच अडकतो. पंखा, दिवे, आणि पुढे काही नाही. हार्डवेअर ठणठणीत असतं.

जुन्या, सँडी ब्रिजच्या काळातल्या बोर्डांवर हीच चूक खपून जायची, कारण बायोस नंतर स्वतःही मायक्रोकोड चढवायचा. म्हणूनच त्या काळातल्या मार्गदर्शिकांमध्ये फिटचा उल्लेखही नसतो आणि लोक त्याच मार्गदर्शिका आजच्या बोर्डांना लावतात. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

आता दुरुस्ती. सीएच३४१ए प्रोग्रॅमर (बायोसची चिप बाहेरून वाचणारं-लिहिणारं उपकरण) आणि आठ पायांच्या चिपवर बसणारा एसओआयसी-८ चा चिमटा लागेल. काळ्या पट्टीच्या स्वस्त सीएच३४१ए मध्ये एक खोट असते: चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. मल्टिमीटरने आधी मोजा. तुमच्या बोर्डावर बहुधा १६ एमबीची ३.३ व्होल्टची चिप असेल, पण चिपवरचा नंबर वाचूनच खात्री करा. नावात शेवटी एफडब्ल्यू असेल तर ती १.८ व्होल्टची, तिला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो, नाहीतर चिप जळते. एसएमपीएसच्या दोन्ही केबली काढा, बोर्डावरचा नाण्यासारखा सेल काढा, चिमट्याची लाल तार चिपवरच्या ठिपक्याच्या बाजूला.

सगळ्यात आधी, काहीही लिहिण्याआधी, या ‘मेलेल्या’ चिपचा पूर्ण डंप, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्या. तीन वेळा. तिन्ही फाइली नेमक्या १,६७,७७,२१६ बाइटच्या हव्यात आणि तिन्हींचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) एकच यायला हवा. एकही वेगळा आला तर चिमटा नीट बसलेला नाही किंवा बोर्ड वीज ओढतोय. फाइल सगळी एफएफने भरलेली दिसली तरी तेच कारण. हा डंप सोन्यासारखा जपा. तुमच्या बोर्डाचा सिरीयल नंबर, यूयूआयडी, काही बोर्डांवर लॅनचा मॅक पत्ता आणि मॅनेजमेंट इंजिनचा (एमई, चिपसेटमधला इंटेलचा छोटा नियंत्रक) भाग, हे सगळं याच चिपमध्ये आहे आणि ते कंपनीच्या वेबसाइटवर मिळत नाही.

बरेच जण इथे कंपनीची बायोस फाइल उतरवून घेतात आणि प्रोग्रॅमरने सरळ पूर्ण चिपवर लिहितात. मशीन चालू होतं, लोक खूश होतात. मग लॅनचा मॅक ८८:८८:८८:८८:८७:८८ असा दिसतो, विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन जातं आणि सिरीयल कोरा. आसूसच्या कॅप प्रकारच्या बायोस फाइलला तर पुढे २,०४८ बाइटचं वेष्टन असतं, म्हणून ती १,६७,७९,२६४ बाइटची भरते. ते वेष्टन न काढता लिहिलंत तर आतलं सगळंच सरकतं.

आणि तुमच्याकडे एफपीटीने घेतलेली बॅकअप आहे ती फक्त बायोसच्या भागाची आहे, पूर्ण चिपची नाही. ती प्रोग्रॅमरने चिपच्या शून्याव्या बाइटपासून लिहू नका. तसं केलंत तर डिस्क्रिप्टर (चिपमधले भाग कुठे आहेत त्याचा नकाशा) आणि मॅनेजमेंट इंजिन दोन्ही पुसले जातील. बायोसचा भाग बहुतेक वेळा चिपच्या शेवटी असतो. हेक्स एडिटरमध्ये पूर्ण डंप उघडा, शेवटून बॅकअपच्या लांबीइतके बाइट निवडा आणि त्यावर बॅकअप चिकटवा. घालू नका, चिकटवताना वरून लिहा. एकूण आकार १,६७,७७,२१६ च राहिला पाहिजे. ही फाइल यूईएफआयटूलच्या एनई आवृत्तीत उघडून डिस्क्रिप्टर, एमई आणि बायोस हे तिन्ही भाग नीट दिसतात का बघा. मग पुसा, चिप कोरी आहे का तपासा, लिहा, पडताळा. या चारपैकी एकही पायरी गाळू नका. एवढ्याने तुमचं मशीन पूर्वीसारखं चालू व्हायला हवं.

पुन्हा प्रयत्न करायचाच असेल तर फक्त ९०६ई९ बदला. तुमच्या फाइलमध्ये तो शेवटी आहे, त्यामुळे नवा कितीही मोठा असला तरी त्याचा सुरुवातीचा पत्ता हलत नाही आणि फिटमधली नोंद जशीच्या तशी चालते. मागे व्हॉल्यूममध्ये मोकळी जागा आहे ना एवढं बघा. एमएमटूल (बायोस फाइल बदलणारं दुसरं टूल) वापरणार असाल तर सावध राहा: त्यात मायक्रोकोड काढून पुन्हा घातला की क्रम बदलू शकतो. यूबीयू (मायक्रोकोड आपोआप बदलून देणारं टूल) या बाबतीत बरंच सांभाळून घेतं, पण ‘यूबीयूने केलंय म्हणजे झालं’ असं धरू नका. तयार झालेली फाइल लिहिण्याआधी यूईएफआयटूल एनई मध्ये उघडा. खाली फिटचा टॅब असतो. त्यात मायक्रोकोडच्या प्रत्येक ओळीपुढे सीपीयूआयडी, आवृत्ती आणि तारीख दिसायला हवी. तुमच्या सीपीयूआयडीच्या ओळीत ही माहिती नसेल, किंवा आवृत्ती जुनीच असेल, तर फाइल लिहू नका. या एका नजरेने तुमचा हा सगळा त्रास वाचला असता.

कुणाला पत्ता हातानेच सुधारायचा असेल, तर सरकलेल्या प्रत्येक नोंदीत तेवढाच फरक मिळवायचा. २,०४८ म्हणजे सोळाच्या पद्धतीत ८००, म्हणून पत्त्याचा खालून दुसरा बाइट ८ ने वाढतो. हातचा आला तर तिसराही बदलतो. टेबलाच्या पहिल्या नोंदीत चेकसम लागू असल्याची खूण असेल तर तोही बदलावा लागतो: पूर्ण टेबलाच्या सगळ्या बाइटांची बेरीज, शेवटचा बाइट तेवढा धरला तर, शून्य यायला हवी. मायक्रोकोडच्या आतल्या एकाही बाइटला हात लावायचा नाही. त्यावर इंटेलची सही आहे, प्रोसेसर तो नाकारेल.

ब्रँडेड डेस्कटॉप किंवा लॅपटॉप असणाऱ्यांनी वरचं काहीच करू नये, निदान बूट गार्डची (बदललेला बायोस चालू न देणारं इंटेलचं संरक्षण) स्थिती पाहिल्याशिवाय. ती चिपसेटमध्ये कायमची जाळून पक्की केलेली असेल तर बायोसचा संरक्षित भाग बदलताच मशीन उठत नाही आणि बदललेला बायोस तिथे कोणत्याही प्रोग्रॅमरने लिहिला तरी चालत नाही. मूळ डंप परत लिहिणं एवढाच उपाय. सुट्या विकल्या जाणाऱ्या बोर्डांवर ही अडचण सहसा येत नाही, पण ‘सहसा’ हा शब्द लक्षात ठेवा.

आता माझं स्पष्ट मत, पटलं नाही तर सोडून द्या. तुमच्या बाबतीत हे मॉडिंग गरजेचंच नव्हतं. बायोस तुमचा प्रोसेसर ओळखतो, मशीन चालतं, मग नवा मायक्रोकोड ऑपरेटिंग सिस्टिम चढवू शकते. लिनक्समध्ये इंटेलच्या मायक्रोकोडचं पॅकेज टाकलं की ०६-९ई-०९ नावाची फाइल बूट होतानाच अगदी लवकर चढते. विंडोजही स्वतःच्या एका डीएलएलमधून हेच करतं. मायक्रोकोड प्रोसेसरमध्ये कायमचा साठत नाही, वीज गेली की जातो, त्यामुळे कुणी ना कुणी तो दर वेळी चढवतच असतं. बायोसमध्ये घालणं खरंच लागतं ते बायोस प्रोसेसर ओळखतच नसेल तेव्हा, उदाहरणार्थ ७७५ सॉकेटच्या बोर्डावर ७७१ चा झिऑन बसवताना.

आणि नवीनतम म्हणजे उत्तम, हे डोक्यातून काढा. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषासाठी आलेल्या मायक्रोकोडमुळे हॅसवेल आणि ब्रॉडवेल पिढीची मशीनं अचानक रीबूट व्हायला लागली, तेव्हा २२ जानेवारीला इंटेलनेच ते वापरणं थांबवायला सांगितलं. जून २०२० मध्ये ५०६ई३ चा डीसी आवृत्तीचा मायक्रोकोड आला आणि काही स्कायलेक मशीनं बूट होतानाच अडकली. डेबियनने तो मागे घेऊन पुन्हा डी६ दिला. ऑपरेटिंग सिस्टिमने चढवलेला बिघडला तर पॅकेज मागे घेता येतं. बायोसमधला बिघडला तर प्रोग्रॅमर आणि चिमटा बाहेर काढावा लागतो.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर असणाऱ्यांनी मात्र याच्या उलट वागावं. तिथला व्होल्टेजचा दोष गंभीर आहे, सप्टेंबर २०२४ चा १२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड असलेला कंपनीचा अधिकृत बायोसच टाका, मॉडिंगच्या वाटेला जाऊ नका. आधीच खराब झालेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, त्यासाठी वॉरंटीच मागावी लागते.

मशीन चालू झाल्यावर पडताळणी फक्त एचडब्ल्यूइन्फो या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर करू नका, तो शेवटी चढलेली आवृत्ती दाखवतो, मग ती कुणीही चढवलेली असो. विंडोजच्या रजिस्ट्रीत हार्डवेअरखाली सेंट्रल प्रोसेसरच्या शून्य क्रमांकाच्या फोल्डरमध्ये दोन नोंदी असतात, एक सध्याची आवृत्ती आणि एक आधीची. ‘आधीची’ म्हणजे बायोसने दिलेली. बॅकअप लिहिल्यावर तिथे २०१८ च्या बायोसमधली जुनी आवृत्ती दिसली तर काम नीट झालं.

तिन्ही डंपचे हॅश सारखे आले की इथे सांगा, फिटच्या टॅबचा स्क्रीनशॉटही टाका. त्याआधी चिपवर काही लिहू नका.