ऑर्किडच्या पानावर डाग पडलेत? औषध आणायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. एरवी डाळिंब, कांदा आणि तुरीचे प्रश्न येतात, पण यावेळी सप्टेंबरचा पाऊस लागल्यापासून ऑर्किडच्या पानांचे फोटो येतायत आणि जवळपास प्रत्येकाखाली एकच प्रश्न, साहेब कुठलं बुरशीनाशक मारू. थोडं थांबा. काही फोटोंत बुरशी नव्हतीच, आणि जिथं होती तिथंही नुसत्या औषधानं भागणार नव्हतं, म्हणून तीन-चार प्रश्न घेऊन सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न सांगोल्याच्या दादांचा. त्यांची डाळिंबाची बाग आहे आणि घरामागं शेडनेटखाली बारा कुंड्या डेन्ड्रोबियमच्या, म्हणजे कांडीवर वाढणाऱ्या ऑर्किडच्या. पानांवर तपकिरी खोलगट डाग पडले, एकात एक वर्तुळं आणि मधे बारीक काळे ठिपके. ही अँथ्रॅक्नोज म्हणजे करपा, कोलेटोट्रिकम नावाची बुरशी, मिरचीवर आणि आंब्यावर येणाऱ्या करप्याच्याच कुळातली. आता दादांनी काय केलं, डाळिंबाच्या तेल्या रोगासाठी बनवलेलं बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, उरलं होतं तेच ऑर्किडवर मारलं, आठ दिवसात कोवळे फुटवे काळे पडले आणि खालची पानं पिवळी होऊन गळाली, आणि दादा म्हणतात रोग वाढला. रोग नाही वाढला दादा, तांब्याचा चटका बसलाय. डेन्ड्रोबियमला ताम्रयुक्त औषध सोसत नाही, कळ्या-फुलांवर तर कुठल्याच ऑर्किडच्या मारू नका. आता एकदा स्वच्छ पाण्यानं सकाळी झाडं धुऊन घ्या, महिनाभर खत बंद, जळालेले फुटवे कापून टाका. जाड कांडी हिरवी आणि टणक असेल तर तिच्या डोळ्यातनं नवा फुटवा येतो, झाड टाकून देऊ नका. करप्यासाठी मॅन्कोझेब ७५ टक्केवालं लिटरला २ ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी दुसरी फवारणी कार्बेन्डाझिम ५० टक्केवालं लिटरला १ ग्रॅम. सारखं कार्बेन्डाझिमच मारत राहिलात तर बुरशी त्याला दाद देईनाशी होते, हे तुम्हाला द्राक्ष-डाळिंबावरनं माहितीच आहे.

आणि एक, डेन्ड्रोबियमची जुनी कांडी थंडीच्या सुमारास पानं टाकते, ते नैसर्गिक आहे, त्याच्यावर काही मारायचं नाही.

दुसरा प्रश्न जुळे सोलापूरच्या ताईंचा. खिडकीत ठेवलेलं फॅलेनॉप्सिस, रुंद पानांचं. संध्याकाळी रुपयाएवढा पाणचट डाग दिसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं पान लगदा झालं, बोट लावलं तर पाणी आलं आणि कुजका वास. ताई, ही बुरशी नाही, हा जिवाणू आहे, मऊ कूज म्हणतो आम्ही. डाळिंबावरचा तेल्यासुद्धा जिवाणूच, तिथं जसं मॅन्कोझेबसारखं बुरशीनाशक कामाला येत नाही तसंच इथंही. मॅन्कोझेबचा काही उपयोग नाही, हातात ब्लेड घ्या. डागाच्या पुढं दोन सेंटिमीटर चांगलं हिरवं पान धरून कापायचं, ब्लेड स्पिरिटनं पुसायचं किंवा गॅसवर तापवायचं आणि हे प्रत्येक कापाला करायचं, एकदाच नाही, नाहीतर आपणच रोग पुढच्या पानात टोचतो. कापलेल्या कडेला स्वयंपाकघरातली दालचिनीची पूड दाबून लावा, जखम कोरडी पडते, फक्त मुळांवर पडू देऊ नका, मुळंही सुकवते ती. मग आठवडाभर पानावर थेंबही नको, झाड बाकीच्यांपासून लांब, पंखा लागेल अशा जागी. डाग मधल्या शेंड्यात, म्हणजे पानं जिथनं निघतात तिथं उतरला असेल तर झाड वाचणं अवघड आहे, हे आताच सांगतो.

मग ओळखायचं कसं. माझी एक सवय आहे ती सांगतो. परमनंट मार्कर घ्यायचा आणि डागाच्या कडेनं पानावरच रेघ मारायची, बाजूला तारीख लिहायची. दुसऱ्या दिवशीच डाग रेघेबाहेर गेला आणि पाणचट आहे तर जिवाणू किंवा काळी कूज (तिचं पुढं सांगतो), लगेच कापा. चार-आठ दिवसात हळूहळू रेघ ओलांडली, डाग कोरडा आहे, कडेला पिवळी झालर आहे, तर बहुतेक बुरशी. आणि पंधरा दिवसांनीही रेघेच्या आतच असेल तर तो जुना झालेला रोग किंवा उन्हाचा चट्टा. विजापूर रोडच्या एका काकूंनी पाठवलेला फोटो असाच होता, पानाच्या उन्हाकडच्या बाजूला आधी पांढुरका मग कागदासारखा कोरडा चट्टा, मागची सगळी पानं ठणठणीत. काकू, कुंडी पश्चिमेच्या ग्रिलमधनं काढा, बस. आपल्याकडं उन्हाळ्यात ४२-४३ डिग्री जातं, तिथं ७५ टक्क्यांच्या शेडनेटशिवाय फॅलेनॉप्सिस टिकत नाही.

काळी कूज वेगळी लक्षात ठेवा, कारण दिसायला जिवाणूसारखी पण वास फारसा नाही, काळा-जांभळट डाग बुडाकडनं वर चढतो. ही फायटोफ्थोरा-पिथियम या ओलीत वाढणाऱ्या, बुरशीसारख्या जीवांची कामगिरी, हिला कार्बेन्डाझिम चालतच नाही. मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेबचं मिश्रण लिटरला २ ग्रॅम, फवारणी आणि थोडं मुळाशी, आणि कुंडीत भरलेलं भिजकं माध्यम फेकून द्या, ते परत वापरू नका.

पंढरपूरच्या काकांच्या व्हँडा जातीच्या ऑर्किडवर पानभर चौकटीच्या आकाराचे उभट खरखरीत डाग आहेत, बोट फिरवलं की सँडपेपर लागतो. फायलोस्टिक्टा नावाची बुरशी आहे ती. जास्त खराब पानं काढा, मॅन्कोझेब मारा. गडबड करू नका, ही हळू चालते, पण चिवट आहे, दोन-तीन फवारण्या लागतील.

आता मूळ कारणावर येतो. आपण कोरड्या सोलापुरात राहतो मग ऑर्किडवर बुरशी येतेच कशी, असं बऱ्याच जणांनी विचारलं. अहो येते ती आपल्या पाणी घालण्यातनं. हवा कोरडी म्हणून आपण दिवसातनं तीनदा स्प्रे मारतो, शेवटचा रात्री जेवल्यावर, पान रात्रभर ओलं राहतं आणि बुरशीच्या बीजाणूला रुजायला ते पुरतं. आपल्या सह्याद्रीत सीतेची वेणी, आपलं रानातलं ऑर्किड, फांदीवर चार महिने पावसात भिजत असते, पण वारा लागतो, पाणी निथळतं, मुळं उघडी असतात. तुमची कुंडी कोपऱ्यात, खाली बशीत पाणी साचलेलं, माध्यमात नर्सरीवाल्यानं माती घातलेली, मग कसं व्हायचं. मातीतलं ऑर्किड आधी बाहेर काढा, नारळाच्या सोडणाचे तुकडे धुऊन, लाकडी कोळसा आणि विटेचे तुकडे यात लावा.

पाणी सकाळी सात-आठला, दुपारपर्यंत पान कोरडं व्हायला पाहिजे. मुळाकडं बघून पाणी द्या, मूळ चंदेरी-पांढरं दिसलं की तहान लागलीय, हिरवं आहे तर राहू द्या. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं तर टिश्यूपेपरनं टिपून घ्या, एवढं एक केलंत तरी निम्मी झाडं वाचतील. ओलावा हवाच असेल तर ताटात खडी आणि पाणी, त्यावर विटेचा आधार देऊन कुंडी, बूड पाण्याला टेकू द्यायचं नाही. आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं, म्हणून बोअरचं पाणी सर्रास वापरतात, त्यानं पानावर पांढरे डाग पडतात आणि लोक त्याला भुरी रोग समजतात. ओल्या कपड्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून पुसून बघा, गेलं तर क्षार. आता पाऊस आहे तर गच्चीचं पाणी, पहिली सर सोडून, बॅरलमधे धरून ठेवा, झाकण लावून, डासांमुळं.

फवारणीचं म्हणाल तर औषध चमच्याच्या अंदाजानं टाकू नका, छोटा डिजिटल काटा घ्या, एक लिटरचंच द्रावण करा आणि उरलेलं ठेवायचं नाही. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आधी, गच्चीवर, मास्क आणि हातमोजे घालून, पानाच्या खालच्या बाजूलाही. खोलीत, स्वयंपाकघरात, पोरांसमोर अजिबात नको, आणि तो स्प्रे पंप परत कशालाच वापरू नका. जुने डाग फवारणीनं जात नाहीत, तेव्हा आठ दिवसांनी डाग तसाच आहे म्हणून डबल डोस देऊ नका, नवं येणारं पान स्वच्छ आहे का तेवढं बघा.

यापुढं फोटो पाठवताना पानाची वरची बाजू, खालची बाजू, कुंडीचं बूड असे तीन पाठवा, मार्करची रेघ आणि तारीख दिसू द्या, आणि पाणी किती वाजता घालता ते लिहा. सांगोल्याच्या दादांनी नवा फुटवा दिसला की मला कळवा.