जुने फोटो पुस्तकात छापण्याजोगे करणं: यात पोट भरेल का?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत तिने गावच्या इतिहासाच्या पुस्तकासाठी घरोघरचे जुने फोटो गोळा केले, स्कॅन करून साफ केले. पुस्तक आलं, तर निम्मे फोटो काळवंडलेले. प्रकाशक बोलले, तिने मनाला लावून घेतलं, आणि तरी ती म्हणते की मला हेच काम करायचंय. तुम्ही विचारता, यात पोट भरेल का, एआय आल्यावर हे काम राहील का, आणि तिला दीड लाखाचा संगणक घेऊन द्यावा का?

आधी त्या काळ्या फोटोंबद्दल बोलू. बाकीची उत्तरं त्यातूनच निघतील.

पडद्यावरचा फोटो उजेडाने दिसतो, कागदावरचा शाईने. छपाईत फोटोचे बारीक ठिपके होतात. मॅपलिथोसारखा, म्हणजे लेप न दिलेला साधा छपाईचा कागद शाई पितो, ठिपका पसरतो आणि चेहऱ्यावरच्या मधल्या छटा गडद होतात. तोच फोटो आर्टपेपरवर, म्हणजे लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर, बराच स्वच्छ उठतो. म्हणून या कामातला जाणकार माणूस फोटो उघडण्याआधी विचारतो, "कागद कोणता?" मॅपलिथो असेल तर मधल्या छटा मुद्दाम उजळून ठेवतो, पडद्यावर फोटो थोडा फिका वाटला तरी चालतो. तुमच्या मुलीला कागद कोणी सांगितला नसणार, आणि विचारायचा असतो हे तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या पुस्तकात मीही हाच मार खाल्लाय. तिच्या हातात खोट नाही, हे तिला माझ्यातर्फे जरूर सांगा.

दुसरी गोष्ट मापाची. छापील आकारात एका इंचाला 300 पिक्सेल हवेत, हा साधा हिशेब. दोन बाय तीन इंचांचा जुना फोटो दुप्पट करून छापायचा असेल, तर स्कॅन इंचाला 600 पिक्सेलवर करायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेली प्रत बहुधा लांबीला 1600 पिक्सेलच्या आसपास असते, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. पुस्तकाच्या नेहमीच्या डेमी आकाराचं पानभर चित्र त्यात होत नाही. अशा वेळी फोन करून मूळ फोटो मागायचा, संकोच करायचा नाही. शाईच्या रेघांचं चित्र मात्र 1200 वर, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करावं. करड्या छटांत केलं तर रेघांच्या कडांवर ठिपके उठतात आणि रेघ भुरकट दिसते. वर्तमानपत्रात छापलेला फोटो पुन्हा स्कॅन करून छापला की ठिपक्यांच्या जुन्या जाळीवर नवी जाळी बसते आणि नको ती नक्षी उमटते, तेव्हा मूळ प्रत शोधणंच बरं.

आता एआय. ओरखडे आणि डाग काढायचं काम ते झपाट्याने करतं, आणि तेवढंच येणाऱ्याला पुढे अवघड जाईल, हे तुम्हाला स्पष्ट सांगतो. पण पुसट चेहरा स्पष्ट करताना ते नसलेले डोळे, नसलेले ओठ घालतं. कुणाच्या पणजीच्या जागी भलतीच बाई छापली जाते! इतिहासाच्या पुस्तकात हे चालणार नाही. किती साफ करायचं आणि कुठे थांबायचं, हे ठरवायला माणूसच लागतो. मला तुमच्या मुलीचा भरवसा वाटतो तो इथेच. पत्रात तुम्ही लिहिलंय की एका फोटोच्या मागे लिहिलेली नावंही तिने जपून उतरवून घेतली.

पोट भरेल, पण नुसत्या फोटो-सफाईवर नाही. पुस्तकातल्या चित्रांची सगळी जबाबदारी घेणारी माणसं कमी आहेत. त्यात स्कॅनिंग, चित्रांचे क्रमांक, चित्राखालच्या ओळी, परवानग्या, रंग आणि छपाईआधी तपासायचं शेवटचं प्रूफ, सगळं आलं. परवानगीचं तर फार कमी जणांना कळतं. स्टुडिओत पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा. वर्तमानपत्रातून कापलेल्या फोटोचं तसं नाही. पाठ्यपुस्तकं, संग्रहालयांचे कॅटलॉग, संस्थांचे इतिहास, चरित्रं, या सगळ्यांना असं माणूस हवं असतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पुस्तकागणिक ठरलेले पैसे मिळतील, आणि ते उशिरा मिळतील. तेवढी तयारी घरच्यांनीही ठेवावी.

संगणक आत्ता घेऊ नका. पदवीनंतर तिला तीन महिने एखाद्या ऑफसेट प्रेसच्या प्रीप्रेस विभागात, म्हणजे छपाईआधीची तयारी होते तिथे, बसू द्या, पगार नाममात्र असला तरी. छपाईची प्लेट कशी निघते, यंत्रावर काळा रंग कसा चढतो, हे तिने उभं राहून पाहावं. पुढे शिकायचं मनात असेल तर पुण्यात पुणे विद्यार्थी गृहाच्या संस्थांत आणि मुंबईच्या सरकारी मुद्रण संस्थेत चौकशी करा.

तोवर एक काम. त्या काळवंडलेल्या फोटोंपैकी एक निवडायला सांगा. त्याच्या उजळपणाच्या पाच पायऱ्या करून पाचही एकाच पानावर, पुस्तकाच्याच कागदावर छापून घ्या. प्रेसवाले दुसऱ्या कामाच्या उरलेल्या जागेत ते पान बसवून देतात, गोड शब्दांत विचारावं लागतं. ते पान आणि मूळ फोटो शेजारी ठेवून तिने भिंगातून बघावं. कुठली पायरी बरी वाटली, ते तिनेच मला लिहावं.