बिस्लीला (इंग्लंडमधलं नेमबाजी केंद्र) क्लबमार्फत १००० यार्डांवर सराव करायचाय. प्रवेश कसा मिळतो आणि वेळ किती लागतो?

पैसे भरले की उतरलं रेंजवर, असं होत नाही. ब्रिटनमध्ये होम ऑफिसची (गृहखात्याची) मान्यता असलेल्या रायफल क्लबात आधी किमान ३ महिने प्रोबेशनरी (उमेदवारीवरचा) सदस्य म्हणून, देखरेखीखाली सराव करावा लागतो. पाहुण्यांनाही संधी मिळते, पण असे दिवस क्लबला वर्षाला १२च. सचिवांना लवकर गाठा.

१००० यार्ड म्हणजे बिस्लीची स्टिकलडाउन रेंज. तिथली दुसरी, सेंच्युरी रेंज ६०० वर संपते. एका टार्गेटवर दोघं-तिघं आळीपाळीने मारतात. दर गोळीनंतर बटमधला (टार्गेटखालच्या खंदकातला) मार्कर टार्गेट खाली ओढतो, भोकात चकती खोचतो, पुन्हा वर करतो. २ साइटर (गुण न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या) आणि गुणांच्या १५, म्हणजे दोघांच्या ३४ गोळ्या. मिनिटाला एक धरली तरी अर्ध्या तासाच्या वरच.

खरा वेळ खातो तो कच्चा झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागावी अशी साइटची (नेम धरायच्या साधनाची) जुळणी. १०० यार्डांवर तो आधीच पक्का करा. .३०८ कॅलिबरच्या रायफलला तिथून १००० साठी साइट साधारण ३० ते ३५ कोनीय मिनिटं (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) चढवावी लागते. अंदाजपंचे चढवलीत तर गोळी टार्गेटलाच लागत नाही, मग मार्कर खूण कशाची दाखवणार? त्यात ताशी १० मैलांचा आडवा वारा गोळीला दोन मीटरहून जास्त ढकलतो. म्हणून पहिल्या गोळीआधी रेंजवरचे वारा दाखवणारे झेंडे बघा.