नांगर उचलायच्या आधी

पाचूबंदर, वसई

प्रिय पोरी,

तुझी चिठ्ठी मिळाली. पहाटे पाचला उठून प्रार्थना करायची ठरवलीस, चार दिवस जमलं, मग नाइट ड्युटी लागली आणि सगळंच सुटलं. वाचून हसू आलं, रागावू नकोस. मी याच खड्ड्यात पडलोय.

लग्नाआधी एका उपवासकाळात मी हट्टाने ठरवलं होतं, रोज पहाटे चारला अख्खी जपमाळ. पण आमची मासेमारी डोलीची, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याची. डोल पाण्याच्या ओढीवर लावायची आणि ओढ थांबली की उपसायची. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. आज चारला अंथरुणात असलो तर आठवड्याने चारला समुद्रात, हातात दोर. चुकलेल्या माळा मी उधारीसारख्या लिहून ठेवू लागलो. एका माळेत ‘नमो मारिया’ ही प्रार्थना 53 वेळा. सहा माळा थकल्यावर तो कागदच फाडला आणि ईस्टरपर्यंत देवाशी बोललो नाही.

माझ्या बाबांची प्रार्थना एवढीशी होती. नांगर उचलायच्या आधी क्रुसाची खूण. आणि जाळं वर आलं की आत काय आहे ते बघण्याआधी, ‘देवा, तुझे आभार.’ बघण्याआधी, बरं का. बोंबील मोजून नाही. भरती केव्हाही येवो, नांगर तर उचलावाच लागतो, म्हणून ती कधी चुकली नाही.

तेव्हा प्रार्थना घड्याळाला नको, कामाला बांध. वॉर्डात तू दिवसातून कितीदा हात धुतेस! साबणाने नीट धुवायला पाऊण मिनिट लागतं, तेवढ्यात प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणून होते. ड्युटीतलं पहिलं हात धुणं तिच्यासाठी ठेव. नाताळपर्यंत एवढंच. फार तर लोकलमध्ये रोज बायबलमधलं एक स्तोत्र, म्हणजे 150 स्तोत्रांना पाच महिने. 119व्यात 176 वचनं आहेत, ते तुकड्यांनी वाच. 117व्यात दोनच. त्या दिवशी लबाडी केल्यासारखं वाटेल, वाटू दे.

रविवारची चर्चमधली मिस्सा यात धरू नकोस, ती आहेच. ड्युटी असेल तर शनिवारी संध्याकाळी जा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायची नाही. प्रभूने आजची भाकर आज मागायला शिकवलं, कालची थकबाकी नाही. हे मला कळायला ती सहा माळांची उधारी लागली.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की नांगर उचलायचा प्रश्नच नसे. मग बाबा जाळं दुरुस्त करायला बसले की पहिल्या गाठीला क्रुसाची खूण करत. मीही आता समुद्रावर जात नाही. सकाळी चहाचं आधण ठेवतो आणि ते उकळेपर्यंत तुम्हा पोरांची नावं घेतो. गॅस मुद्दाम बारीक ठेवतो.

तुझा,
काका