दस्त म्हणजे हात
'दस्त' हा फारसी शब्द, अर्थ हात. दस्तखत म्हणजे हातचं अक्षर. 'आवेज' म्हणजे लटकणारा, म्हणून दस्तऐवज हा हातानं धरून राहायचा आधार. किती नेमका शब्द आहे हा! खानापूर-बेळगावात पहिल्यांदा जमीन घेताना नुसत्या पहाणी उताऱ्यावर विसंबू नका. तो महसुलाची नोंद, मालकी देत नाही. १०० रुपये वा जास्त किमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत दस्तऐवजानंच, म्हणजे बोलीभाषेतल्या 'दस्ता'नंच होते. सही झाल्यापासून ४ महिन्यांत नोंदवा, नंतर दंड बसतो. दस्त बहुधा कन्नडात असतो. सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, चतुःसीमा (चारही दिशांच्या हद्दी) जाणत्याकडून ओळीओळीनं वाचून घ्या, मग सही. चतुःसीमेतली एक चुकलेली दिशा दुरुस्त करायला पुन्हा विकणाऱ्याचीच सही लागते.