टायर, रिम आणि गाडीचा रुबाब: वाचकांची प्रश्नोत्तरे

गाडी भरदार दिसावी म्हणून नेमकं काय मोठं करायचं, टायर की रिम? याही वेळी बहुतेक प्रश्न या एकाच गोंधळातून आले आहेत.

प्रश्न : माझ्या टायरवर 185/65 आर15 असं लिहिलंय. म्हणजे उंची 65 मिलिमीटर का?

नाही. 65 ही टक्केवारी आहे. 185 मिमी रुंदीच्या 65 टक्के, म्हणजे साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) सुमारे 120 मिमी उंच. शेवटचा 15 म्हणजे रिमचा व्यास, इंचात.

प्रश्न : 15 ऐवजी 16 इंची अलॉय लावले तर गाडी उंच होईल का?

टायर नीट निवडला तर नाही. 185/65 आर15 आणि 195/55 आर16 या दोन्हींचा बाहेरचा व्यास सुमारे 621 मिमीच भरतो. धातू जास्त दिसतो, रबर कमी, त्यामुळे चाक मोठं वाटतं. मात्र साइडवॉल 107 मिमीवर येते, त्यामुळे खड्ड्यात रिमला मार लवकर बसतो. याउलट जुन्याच रिमवर 205/65 चढवला तर व्यास 647 मिमी होतो. चाकावरच्या कमानीतली पोकळी भरते खरी, पण गाडी पिकअपला जड होते, स्पीडोमीटर प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी आकडा दाखवू लागतो आणि स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायर कमानीच्या आतल्या लायनरला (प्लास्टिकच्या आवरणाला) घासू शकतो. व्यासातला फरक 3 टक्क्यांच्या आत ठेवा. लोड इंडेक्सही (टायर किती वजन पेलतो याचा आकडा) पाहा: 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो, 84 म्हणजे 500. मूळ आकड्यापेक्षा खाली जाऊ नका.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, 7.5जे (7.5 इंच रुंद) रिमवर 185/65 आर15 ‘आरामात बसतो’, ताणलेला टायर भारी दिसतो. घालू का?

घालू नका. या मापाच्या टायरला साधारण 5 ते 6.5 इंच रुंदीची रिम चालते. 7.5 इंच म्हणजे 190 मिमी, टायरच्या स्वतःच्या रुंदीपेक्षाही जास्त! साइडवॉल तिरपी ताणली जाते आणि रिमची कड उघडी पडून पदपथाच्या पहिल्याच धक्क्याला खरवडते. हवा थोडी कमी असताना जोरात वळलात तर टायरची कड रिमवरून सुटून सगळी हवा एका क्षणात जाऊ शकते. असा टायर बसवायला काही ठिकाणी ज्वलनशील स्प्रे मारून पेटवतात. तसं करताना दिसले तर गाडी तिथून काढा. ‘बसतो’ याचा अर्थ दुकानात हवा टिकली एवढाच. उलटा प्रकारही वाईट: रुंद टायर अरुंद रिमवर फुगतो, मधली नक्षी आधी झिजते आणि वळणावर गाडी डुलते.

तुम्हाला हवा असलेला भरदारपणा रिमची रुंदी आणि ऑफसेट मिळून देतात. ऑफसेट म्हणजे रिमची मध्यरेषा आणि रिम हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकते ती जागा यांतलं अंतर; ते रिमवर ‘ईटी’ म्हणून मिमीत लिहितात. 6जे, ईटी45 रिम काढून 7जे, ईटी45 लावली तर रिमची कड आत आणि बाहेर प्रत्येकी साधारण 13 मिमी सरकते. तीच 7जे ईटी35 असेल तर बाहेर जवळजवळ 23 मिमी, आत जेमतेम 3. म्हणून खरेदीआधी मोजा. गाडीत पूर्ण वजन भरून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेवरून ओळंबा सोडा आणि टायरपर्यंतचं अंतर घ्या. स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवून आत सस्पेन्शनच्या स्ट्रटपासून आणि ब्रेकच्या नळीपासून किती जागा उरते तेही बघा. टायर फेंडरबाहेर आला तर चिखल उडतो, बेअरिंगवर भार वाढतो. ही मापं घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला आणि विमा कंपनीला विचारा, मगच पैसे द्या.

प्रश्न : त्यापेक्षा स्पेसर स्वस्त पडेल ना?

स्पेसर म्हणजे चाक बाहेर सरकवायला हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती. सगळ्या गाड्यांना चालतो म्हणून विकला जाणारा स्पेसर नकोच. नटाला पकडायला आटे कमी उरतात.

प्रश्न : फक्त मागे रुंद टायर?

चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या टायरांचा व्यास वेगळा झाला तर डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) खराब होतो. इतर गाड्यांतही टायर पुढे-मागे बदलता येणार नाहीत. आधी मेकॅनिकला विचारा.

प्रश्न : नवे अलॉय लावल्यापासून 80 च्या पुढे स्टीअरिंग थरथरतं. दोनदा बॅलन्सिंग झालं. महिनाभर तशीच चालवतोय.

महिनाभर का थांबलात? चाक आजच उघडून घ्या. बाजारी अलॉयचं मधलं भोक अनेकदा गाडीच्या हबपेक्षा मोठं असतं. तिथे योग्य मापाची सेंटरिंग रिंग नसेल तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही, मग बॅलन्सिंग कितीही करा. नटांची बैठकही तपासा: शंकूच्या बैठकीत गोल तोंडाचे नट घातले असतील तर ते सैल होतात. दुरुस्तीनंतर साधारण 100 किमी झाले की टॉर्क रेंचने (नट ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) नट पुन्हा तपासून घ्या.